वैराग्य होतं की विषाद?



गेल्या चातुर्मासात आमच्या मंदिरात दुपारच्या स्वाध्यायाला पद्मपुराण लागलं होतं. शेवटच्या पर्वांपर्यंत यायला भाद्रपद उजाडला. त्या दिवशी लक्ष्मणाच्या मृत्यूचा प्रसंग होता. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. राम-लक्ष्मणाच्या प्रेमाची परीक्षा पाहायला दोन देव येतात आणि राम गेल्याचा खोटा आकांत उभा करतात. ते कानावर पडताच लक्ष्मण जागच्या जागी प्राण सोडतो. घाव नाही, विष नाही, ताप नाही. फक्त एक बातमी.

पुढे राम सहा महिने भावाचं कलेवर खांद्यावर घेऊन फिरतो, त्याला न्हाऊ घालतो, घास भरवू पाहतो. कुणी समजावलं तर रागावतो.

वाचणाऱ्या काकू थांबल्या, सगळ्या "अहाहा" म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या बाईंना वाटलं, पुराणानं मन भरून आलं. मला मात्र आमच्या अक्का आठवत होत्या.

अक्कांची जपमाळ

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्काच म्हणायचं. पहाटे साडेचारला उठणाऱ्या, अभिषेकाला सगळ्यांच्या आधी हजर, पर्युषणात दहा दिवस स्वयंपाकघराचा कारभार एकहाती सांभाळणाऱ्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. शहरातल्या दवाखान्यात नेलं, स्टेंट बसवला, आठ दिवसांनी घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "नळी छान उघडली आहे, काळजी नको."

घरी आल्यावर अक्का बोलेनाशा झाल्या. देवघरात माळ घेऊन तासन्‌तास बसायच्या. जेवण एक वेळेवर आलं. रेशमी लुगडी सुनांना वाटून टाकली. नातवंडं मांडीवर आली तरी हात त्यांच्या पाठीवरून फिरायचा नाही. विचारलं तर एवढंच म्हणायच्या, "आता कशातच रस नाही गं."

येणाऱ्या बायका त्यांच्या पाया पडायच्या. "अक्का संसारातून सुटल्या, केवढं वैराग्य आलं," असं म्हणायच्या. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटायचा. मीच चार जणींना सांगितलं होतं की आमच्या अक्कांनी एकाशन धरलंय. त्यांनी कुणाकडूनही नियम घेतला नव्हता, हे मला माहीत होतं. त्यांची जपमाळ मी रोज पाहत होते. मणी पुढे सरकत नव्हते, हेही मला दिसत होतं.

सात महिन्यांनी, ज्येष्ठात, दुसरा झटका आला आणि अक्का गेल्या. तेराव्यानंतर त्यांचं कपाट आवरताना लुगड्यांच्या घडीखाली गोळ्यांची पाकिटं सापडली. हृदयाच्या गोळ्या. बहुतेक पाकिटं न फोडलेली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी ती कुणाला सांगितली नव्हती. स्वाध्यायाच्या त्या दिवसानंतर मात्र ठरवलं, मनाच्या आजाराचा आणि शरीराचा संबंध माणसाला केव्हापासून आणि कसा कळत गेला, ते नीट वाचायचं. त्यातलं जे हाती लागलं, ते आज लिहिते.

जुन्या माणसांना काय ठाऊक होतं

ही काही आजची शहरी कल्पना नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक लांब यादी आहे. कशात कोण श्रेष्ठ, असं सांगणारी. त्यात रोग वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टींमध्ये विषादाला पहिलं स्थान दिलं आहे. म्हणजे आजार कोणताही असो, त्याला खतपाणी घालण्यात खचलेल्या मनाचा हात धरणारं दुसरं काही नाही, असं त्या वैद्यांचं निरीक्षण होतं.

ग्रीक वैद्यांनी उलट्या बाजूने विचार केला. शरीरात काळं पित्त वाढलं की माणूस उदास होतो, असं ते मानत. 'मेलँकोलिया' या शब्दाचा अर्थच काळं पित्त. असं काळं पित्त शरीरात नसतं, हे पुढे सिद्ध झालं. पण उदासी हा शरीराशी जोडलेला आजार आहे, हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी गृहीत धरलं होतं.

आपल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार येतात. नकोशा गोष्टीचा संयोग, हव्याशा गोष्टीचा वियोग, वेदना आणि निदान. पाठशाळेत आपण ते घडाघडा म्हणून दाखवलेत. त्यातल्या तिसऱ्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. शरीराची वेदना मनाला एका जागी खिळवून टाकते, हे सूत्रकारांनी वेगळं नोंदवून ठेवलं आहे.

युरोपात रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे. त्याचं पुस्तक १६२८ सालचं. हृदय हा रक्त ढकलणारा पंप आहे, हे जगाला पटवून देणारा हा माणूस. त्याच पुस्तकात त्याने असंही लिहिलं की मनातलं सुख, दुःख, आशा, भीती या प्रत्येकाचा परिणाम हृदयापर्यंत पोचतो. पुढच्या तीनशे वर्षांत डॉक्टरांनी पंप लक्षात ठेवला आणि बाकीचं विसरून गेले. मन एका खोलीत गेलं, शरीर दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार बंद झालं.

ते दार पुन्हा उघडलं ते दोन औषधांमुळे, आणि तेही चुकून. त्यातलं पहिलं औषध आपल्या देशातलं.

मुंबईतली सर्पगंधा

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात आहे. साप चावला, झोप लागत नाही, माणूस भ्रमिष्टासारखं करतो, अशा वेळी वैद्य ती देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लिहिलं की ही मुळी वेडाच्या आजारातही उपयोगी पडते आणि वाढलेला रक्तदाबही उतरवते. एकच मुळी, मनावरही आणि रक्तदाबावरही. तेव्हा त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात रुस्तुम जाल वकील नावाचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ होते. उच्च रक्तदाबावर त्या काळी धड औषध नव्हतं. वकिलांनी बरीच वर्षं आपल्या रुग्णांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकात निबंध छापला. रक्तदाब उतरत होता. जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं.

रिसर्पिनच्या गोळ्या लाखो लोक घेऊ लागले. आणि मग डॉक्टरांकडे वेगळ्याच तक्रारी यायला लागल्या. रक्तदाब उत्तम, पण माणूस खचलेला. सकाळी उठावंसं वाटत नाही, रडू येतं, कामावर जावंसं वाटत नाही. मोठ्या मात्रेत दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये हे दिसतं, असं १९५४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी लिहिलं. त्याच सुमारास तिथल्या प्रयोगशाळांत दिसून आलं की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं द्रव्य रितं होतं.

पुढे संशोधकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. त्या रुग्णांपैकी अनेकांना खरी डिप्रेशनची व्याधी नव्हती, औषधाच्या गुंगीने ते मंदावले होते, आणि ज्यांना खरंच झाली त्यांतल्या बऱ्याच जणांना ती आधीही होऊन गेली होती, असं मत पुढे आलं. म्हणून 'रिसर्पिन घेतलं की डिप्रेशन' असं सरळ गणित मांडता येत नाही. पण प्रश्न एकदा पडला तो पडलाच. रक्तवाहिन्यांसाठी दिलेली गोळी मनापर्यंत पोचते, तर या दोन खोल्यांमध्ये भिंत आहे तरी कुठे?

क्षयरोग्यांच्या वॉर्डात नाच

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. तिथल्या स्टेटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचं मोठं क्षयरोग रुग्णालय होतं. क्षय म्हणजे तेव्हा मरणाची चिठ्ठीच. रोगी महिनोन्‌महिने खाटेवर छताकडे बघत पडून असायचे. १९५२ साली तिथे काही नवी औषधं देऊन पाहिली गेली. त्यातलं एक इप्रोनियाझिड.

काही आठवड्यांत वॉर्डाचं रूपच पालटलं. ज्यांना घास जात नव्हता ते जास्तीचं जेवण मागू लागले. न बोलणारी माणसं गप्पा मारू लागली. काही जण तर व्हरांड्यात नाचू लागले, आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत आले. फुफ्फुसं अजून पुरती बरी झाली नव्हती. सुधारलं होतं ते मन.

आधी डॉक्टरांना हा दुष्परिणाम वाटला. मग नेथन क्लाइन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने हेच औषध क्षय नसलेल्या पण उदास रुग्णांना दिलं आणि १९५७ मध्ये निष्कर्ष मांडले. डिप्रेशनवरच्या पहिल्या काही औषधांत त्याची गणना होते. याच क्लाइननी त्याआधी रिसर्पिन मनोरुग्णांना देऊन पाहिलं होतं आणि वकिलांच्या बरोबरीने त्याच वर्षी लास्कर पारितोषिक घेतलं होतं. इप्रोनियाझिड यकृताला त्रास देतं म्हणून पुढे मागे पडलं. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. खचलेपणा हा स्वभावाचा दोष असता, आळस असता, श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण असता, तर क्षयाच्या गोळीने तो हलला नसता.

तेव्हापासून 'मेंदूतलं रसायन कमी झालं' असं सोपं स्पष्टीकरण लोकप्रिय झालं. आजचे शास्त्रज्ञ सांगतात की प्रकरण इतकं सोपं नाही. अनुवंश, दुःख, एकटेपणा, गरिबी, घरातली मारहाण, शरीराचे आजार, सगळं त्यात येतं.

दुःखाचे आकडे

आता हृदयाकडे येते. १९६९ साली इंग्लंडमध्ये कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाचे ४,४८६ विधुर त्यांनी पाहिले. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांचं मरणाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त निघालं. सगळ्यांत जास्त मृत्यू हृदयाच्या आजारांनी झाले होते.

मग १९९३. कॅनडातल्या माँट्रियाल शहरात नॅन्सी फ्रेजर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांची, दवाखान्यात असतानाच, डिप्रेशनसाठी तपासणी केली आणि पुढचे सहा महिने त्यांचा माग ठेवला. हृदयाचं नुकसान किती झालंय, आधी झटका आला होता का, हे सगळं हिशेबात धरूनही, डिप्रेशन असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त होता.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. अक्कांचे सात महिने. हे संशोधन तेव्हा जुनं झालं होतं, आणि आमच्या घरात कुणाला त्याचा गंध नव्हता.

हे होतं तरी कसं? दोन वाटांनी होतं. एक वाट शरीराच्या आतली. सतत खचलेल्या माणसात ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, जास्त राहू शकतं. रक्तातल्या गुठळी बांधणाऱ्या पेशी अधिक चिकट होतात. शरीरात बारीक सूज धुमसत राहते. हृदयाच्या ठोक्यांमधली लवचीकता कमी होते. दुसरी वाट रोजच्या वागण्यातली, आपल्या डोळ्यांदेखतची. खचलेलं माणूस चालायला जात नाही, नीट जेवत नाही, झोपत नाही. आणि गोळ्या घेत नाही. लुगड्याच्या घडीखाली ठेवून देतं.

मग डिप्रेशनवर उपचार केले तर माणूस वाचतो का? हा प्रश्न मीही धरून बसले होते. २००२ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की झटक्यानंतर सर्ट्रालिन हे डिप्रेशनवरचं औषध हृदयाच्या रुग्णांना सुरक्षितपणे देता येतं. २००३ मध्ये जवळपास अडीच हजार रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात उपचारांनी मन सुधारलं, पण मृत्यूचं प्रमाण काही कमी झालं नाही. म्हणजे 'वेळीच दाखवलं असतं तर अक्का वाचल्या असत्या' असं मला म्हणता येत नाही. म्हणायचा मला हक्कही नाही. पण त्यांचे शेवटचे सात महिने वेगळे गेले असते. त्या नातवंडांशी बोलल्या असत्या. त्यांच्या माळेचे मणी पुढे सरकले असते. हे काय थोडं आहे?

आणि लक्ष्मण? १९९० साली जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका अवस्थेचं वर्णन केलं. मोठा धक्का बसल्यावर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो आणि त्याचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्याचं नाव ताकोत्सुबो, तेच आजाराचंही नाव झालं. रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतात, तरी लक्षणं झटक्याचीच असतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण सगळे नाही. पुराणाला मी वैद्यकाचा दाखला बनवत नाही. रविषेणाचार्यांनी सातव्या शतकात मोहाची ताकद सांगायला ही कथा लिहिली. पण वाईट बातमीने छातीत काय होतं, हे त्या काळच्या माणसांनीही पाहिलं असणार, असं वाटतं.

आपल्या बायकांच्या तक्रारी

हे सगळं परदेशातलं झालं. आता आपल्या शेजारच्या गोव्याकडे या. तिथे डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली पंचवीस-तीस वर्षं काम केलंय. 'संगत' ही त्यांची संस्था १९९६ सालची.

अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन कितीतरी बायका दवाखान्यात येतात आणि त्यांना जंतुसंसर्गाची औषधं दिली जातात. गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांच्या अभ्यासातून, २००५ साली छापलेल्या, असं दिसलं की या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी आणि अंगदुखी-थकव्यासारख्या इतर तक्रारींशी जास्त घट्ट होतं. मन दुखतंय हे सांगायला बाईकडे शब्द नाहीत, आणि सांगितलं तर ऐकायला कुणी नाही. म्हणून ती कंबर दुखते म्हणते, डोकं जड आहे म्हणते, हातापायांची आग होते म्हणते. ते दुखणं खोटं नसतं. ते खरंच दुखत असतं.

त्यांचाच आणखी एक अभ्यास बाळंतिणींचा. २००२ साली छापलेला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं. गरिबी, नवऱ्याचा मार, मदतीला कुणी नसणं ही कारणं होतीच. मुलगी झाली, हेही एक कारण होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुढचं दाखवलं. अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने कमी असण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त होता. आईच्या मनाचं ओझं बाळाच्या वजनकाट्यावर दिसलं. पहिल्या मुलीनंतर हिरमुसून बसलेल्या सुनेला "आजकालच्या पोरी नाजूक" म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवायला हवेत.

आणि त्यांनी उपायही दाखवला. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा बसून बोलायचं. आजाराबद्दल समजावायचं आणि सुटून गेलेली एकेक छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायला लावायची. एक फेरफटका, एक फोन, अंगणातली चार झाडं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के.

पद्मपुराणात रामाला शुद्धीवर आणायला देव येतात ना, ते त्याला व्याख्यान देत नाहीत. त्याच्यासमोर वाळलेल्या झाडाला पाणी घालतात, वाळू रगडून तेल काढू पाहतात. शेजारी बसून, त्याच्याबरोबर, त्याच्या नजरेत येईल असं काहीतरी करतात. मला त्या दोघांत आणि गोव्याच्या त्या समुपदेशकांत फारसं अंतर दिसलं नाही.

मग ओळखायचं कसं?

वैराग्य आणि विषाद बाहेरून सारखे दिसतात. दोघांचंही जेवण कमी, बोलणं कमी, दागिन्यांत मन नाही. म्हणून आपल्या घरांत हा आजार जितका लपतो तितका कुठे लपत नसेल. मी आता असं पाहते. वैराग्यात माणूस हलका होतो. नियम घेतो तो जाणून, गुरूंसमोर, घरच्यांना सांगून. त्याची करुणा वाढते. विषादात माणूस जड होतो. त्याची झोप उडते, चिडचिड होते, "मी कुणाच्या उपयोगाची नाही" असं वाटत राहतं. पहिल्याला धर्मात रस असतो. दुसऱ्याला धर्मातही रस उरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास असेल किंवा कशातच गोडी नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

"देवा, आता ने मला" असं कुणी म्हणालं तर त्याला धार्मिकपणा समजू नका. मरणाची इच्छा धरणं हा सल्लेखनेचा अतिचार आहे, असं तत्त्वार्थसूत्रच सांगतं. आणि रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखना सांगितली आहे ती उपाय नसलेल्या प्रसंगात. डिप्रेशनवर उपाय आहे.

औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. उग्रादित्याचार्यांनी नवव्या शतकात 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ लिहिला, तो १९४० साली आपल्या सोलापूरहून छापून निघाला. आणि खचलेल्या बाईला "आर्तध्यान सोड" असं म्हणणं म्हणजे तापलेल्याला "ताप सोड" म्हणण्यासारखं आहे. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत स्थितिकरण आहे. डळमळलेल्याला धरून उभं करायचं. ते काम आपलं.

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाई तीन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. मधुमेह जुना. पाय जळतात, छातीत धडधडतं, झोप नाही. रिपोर्ट पाहून प्रत्येकाने एक गोळी वाढवली. एका दुपारी मी शेंगा सोलायला त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "ताई, मन कसं आहे?"

शेंगा तशाच राहिल्या. त्या तासभर रडल्या.

मी त्यांना घेऊन आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं. थायरॉइड मंदावलं तरी मन उदास होतं, आणि आपण शाकाहारी असल्याने बी-१२ कमी पडणं नेहमीचंच. बी-१२ फारच कमी निघालं, ते भरून काढलं. मनासाठीही औषध सुरू झालं, महिन्यातून एकदा बोलायला जाणं सुरू झालं. चमत्कार झाला नाही. चार-पाच महिने लागले. साखरही आता बरीच आटोक्यात आली आहे, कारण त्या पुन्हा सकाळी मंदिरापर्यंत चालत जातात. परवा म्हणाल्या, "तू विचारलंस म्हणून. नाहीतर मी पायाच्या डॉक्टरांकडेच फिरत राहिले असते."

अक्कांना हा एक प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. क्षमावाणीला दरवर्षी मी सगळ्यांची क्षमा मागते, आणि एक क्षमा मनातल्या मनात अक्कांची.

तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल तर जवळ बसा आणि विचारा. रात्री-अपरात्री गरज पडली तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलते. हा क्रमांक फ्रिजवर, गॅसवाल्याच्या नंबरशेजारी लिहून ठेवा. आणि घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्यांची पाकिटं अधूनमधून मोजत जा.

जय जिनेंद्र.